अकरा जणांची एक बॅट

समजा, तुम्ही अकरा जणांनी मिळून वर्गणी काढली आहे. कोणी वीस रुपये दिले, कोणी पन्नास. एकाने रमजान ईदला मिळालेली ईदी जपून ठेवली होती, तीही दिली. आता बीडच्या बाजारात जाऊन बॅट आणायची आहे. अकरा जणांत एकच बॅट.

दुकानदार सात-आठ बॅटी समोर मांडतो. तुमच्यातला सर्वांत उंच मुलगा त्यांतली जड बॅट उचलतो, हवेत एकदा फिरवतो आणि म्हणतो, "हीच घेऊ. हिने चेंडू लांब जाईल." दुसऱ्याची नजर बॅटवरच्या रंगीत कागदावर असते. तिसरा किंमत विचारतो. सर्वांत लहान मुलगा मागे उभा असतो. त्याला कोणी विचारत नाही.

बॅट चुकीची निघाली, तर वर्षभर तिच्याच जोरावर खेळावे लागेल, कारण वर्गणी पुन्हा लवकर जमत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी थोडा विचार करू या.

बॅट निवडताना तीन गोष्टी पाहायच्या असतात. तिने मारलेला चेंडू किती लांब जातो, तो जमिनीलगत जातो की हवेत चढतो, आणि आपला फटका थोडा चुकला तर बॅट ती चूक कितपत सांभाळून घेते. गंमत अशी, की या तीन गोष्टींचा सर्वांत बारीक विचार क्रिकेटमध्ये नव्हे, तर गोल्फ या खेळात झाला आहे. आपल्या भागात गोल्फ कोणी खेळत नाही, म्हणून दोन शब्दांत सांगतो. मोठ्या हिरव्या मैदानावर एक लहान, टणक चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि काठीने मारत मारत दूरच्या एका भोकात घालायचा, असा तो खेळ आहे. नियमाप्रमाणे एका खेळाडूला आपल्या पिशवीत चौदा काठ्या ठेवता येतात. प्रत्येक काठीच्या तोंडाचा उतार वेगळा असतो. लांब मारायच्या काठीचे तोंड जवळजवळ उभे असते, त्याचा उतार दहा अंशांच्या आसपास असतो. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू वर उचलायच्या काठीचा उतार पन्नास अंशांहून अधिक असतो. चेंडू उंच हवा असेल, तर खेळाडू काठी बदलतो. आपल्या फलंदाजाला तशी सोय नाही. त्याच्या हातात एकच बॅट असते आणि चौदा काठ्यांचे काम त्याच्या मनगटांना करावे लागते.

आता लांबीचा प्रश्न पाहू. जड बॅटने चेंडू लांब जातो, हे खरे की खोटे? अर्धे खरे आहे. दोन बॅटी सारख्याच वेगाने फिरल्या, तर जड बॅटीचा चेंडू लांब जाईल. पण त्या सारख्या वेगाने फिरतील का? जड बॅट हळू फिरते. आणि चेंडूला मिळणारा जोर बॅटच्या वजनापेक्षा तिच्या वेगावर अधिक अवलंबून असतो. क्रिकेटच्या चेंडूचे वजन साधारण १६० ग्रॅम असते. बॅट त्याच्या सहा-सात पट जड असतेच. त्यात आणखी शंभर ग्रॅमची भर पडली, तर चेंडूला फारसा फरक पडत नाही. पण त्या शंभर ग्रॅमांमुळे तुमचा हात मंदावला, तर फरक पडतो. शिवाय वेळही थोडा असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटल्यावर पाऊण सेकंदाच्या आत तुमच्यापर्यंत पोहोचतो. तेवढ्यात चेंडू पाहायचा, टप्प्याचा अंदाज घ्यायचा आणि बॅट आणायची.

बीड जिल्ह्यातल्या मुलांना ही गोष्ट समजावून सांगायला पुस्तक लागत नाही. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'एक कोयता' असेच म्हणतात. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी ऊसतोडीला जात असेल, तर त्यांचा कोयता हातात घेऊन पाहा. दिवसभर ऊस तोडणारा माणूस सर्वांत जड कोयता घेत नाही. एका घावात ऊस तुटला पाहिजे आणि संध्याकाळपर्यंत हातही चालला पाहिजे, असा कोयता तो निवडतो. मूठ हाताला बसत नसेल, तर ती बदलून घेतो. दुसऱ्याचा कोयता त्याच्या हातात नीट चालत नाही. बॅटचेही असेच आहे.

तुमच्यापैकी कोणीतरी लगेच विचारील, "मग सचिन तेंडुलकर जड बॅटने कसा खेळत असे?" प्रश्न बरोबर आहे. तेंडुलकरची बॅट १४०० ग्रॅमच्या आसपास होती. लहानपणी तो थोरला भाऊ अजित याच्या बॅटने खेळत असे. ती त्याच्या मानाने मोठी व जड होती, म्हणून तो दांडा खूप खाली धरू लागला आणि ती सवय कायमची राहिली. पण त्याच्या मागे रमाकांत आचरेकर सरांकडे शिवाजी पार्कवर वर्षानुवर्षे केलेला सराव होता. मनगटेही तशी झाली होती. उलट, डॉन ब्रॅडमन यांची बॅट एक किलोच्या आसपास होती आणि कसोटी सामन्यांत त्यांची सरासरी ९९.९४ आहे. दोघांच्या बॅटींत जवळजवळ चारशे ग्रॅमचे अंतर होते. दोघेही थोर होते. तेव्हा कोणाची बॅट पाहून आपली बॅट घेऊ नये, इतकेच यातून कळते.

वजनाबद्दल आणखी एक गोष्ट आहे आणि ती दुकानदाराच्या तराजूवर दिसत नाही. दोन बॅटी तराजूवर अगदी सारख्या भरतात, पण हातात घेतल्यावर एक हलकी वाटते आणि दुसरी जड. असे का होते? घरी एक प्रयोग करा. बॅट दांड्याकडून धरून फिरवा. मग उलटी करा, पात्याच्या टोकाकडून धरा आणि पुन्हा फिरवा. बॅट तीच, वजन तेच, पण आता ती कितीतरी हलकी वाटेल. कारण वजन हातापासून जितके लांब, तितकी वस्तू फिरवायला अवघड. ज्या बॅटीचे लाकूड टोकाकडे अधिक असते, ती तराजूवर हलकी असूनही हाताला जड लागते. म्हणून तराजूपेक्षा हातावर विश्वास ठेवा. 'वजन', 'अंदाज', 'नजर', 'जोर', 'मैदान' हे शब्द उर्दूत आणि मराठीत सारखेच आहेत. बॅट निवडताना पहिल्या चार शब्दांची गरज दुकानात लागते.

आता चेंडू कसा जातो ते पाहू. बॅट सरळ खाली येते, चेंडूला लागते आणि पुढे वर जाते. हात पुढे आणि पाते जरा मागे असताना चेंडू लागला, तर तो जमिनीलगत जातो. पाते हातांच्या पुढे निघून गेल्यावर लागला, तर तो हवेत चढतो. म्हणजे एकाच बॅटीने एका क्षणी जमिनीलगतचा फटका बसतो आणि दुसऱ्या क्षणी झेल उडतो. हलकी बॅट शेवटच्या क्षणी थोपवता येते किंवा वळवता येते. जड बॅट एकदा निघाली, की थांबत नाही. उशीर होईल या भीतीने मुलगा ती आधीच फिरवू लागतो. चेंडू जरा थांबून आला, की पाते पुढे निघून गेलेले असते आणि मिडऑफला सोपा झेल जातो. नंतर सगळे म्हणतात, "घाई केलीस." घाई त्याने केली, पण करायला लावली बॅटीने.

प्रत्येक बॅटीत एक जागा अशी असते, की तेथे चेंडू लागला तर हाताला झिणझिणी येत नाही, आवाज टणक येतो आणि चेंडू सुसाट जातो. मैदानावर मुले तिला 'मिडल' म्हणतात. पात्याच्या टोकापासून साधारण एक वीत वर ही जागा असते. त्याच्या फार वर किंवा फार खाली चेंडू लागला, तर पाते थरथरते, आणि जो जोर चेंडूला मिळायचा तो थरथरण्यात वाया जातो. काही बॅटींत ही जागा जरा खाली असते, काहींत जरा वर. आपल्या मराठवाड्यातली माती काळी. काळ्या मातीच्या खेळपट्टीवर चेंडू बहुधा कमी उसळतो, म्हणून मिडल खाली असलेली बॅट इकडे उपयोगी पडते. तुम्ही मॅटवर खेळत असाल, तर चेंडू अधिक उसळेल आणि मिडल जरा वर असलेली बरी. दुकानात एक जुना चेंडू मागा. बॅट आडवी धरून तो चेंडू पात्यावर टोकापासून वरपर्यंत हळूहळू टप्पे देत न्या. जिथे तो सर्वांत चांगला उसळतो, ती जागा तुम्हांला कानांनीही कळेल.

तिसरी गोष्ट म्हणजे चूक सांभाळणे. दर वेळी चेंडू मिडलला लागत नाही. आपल्यासारख्यांच्या बाबतीत तर तो बहुतेक वेळा इकडेतिकडेच लागतो! चेंडू पात्याच्या कडेकडे लागला, की बॅट हातात गर्रकन वळते आणि फटका फुकट जातो. बॅट वळू नये यासाठी काय करता येईल? रुंद बॅट हा एक उपाय. इंग्लंडमध्ये १७७१ साली एक फलंदाज चक्क विकेटइतकी रुंद बॅट घेऊन मैदानात उतरला होता. त्यानंतर लवकरच रुंदीवर बंधन आले. आजही बॅट सव्वाचार इंच, म्हणजे १०.८ सेंटिमीटरपेक्षा रुंद असून चालत नाही.

दुसरा उपाय गोल्फकडून आला. अमेरिकेतील एक अभियंते कार्स्टन सोलहाइम यांनी १९५९ साली एक काठी तयार केली. तिच्या डोक्याचे वजन त्यांनी मधून काढून दोन्ही टोकांना नेले. त्यामुळे चेंडू जरा बाजूला लागला, तरी काठी वळत नसे. यामागचे कारण वर्गात करून पाहता येईल. एक काठी घ्या. तिच्या मध्यभागी दोन दगड बांधा आणि काठी मध्ये धरून झटकन डावी-उजवीकडे वळवा. आता तेच दोन दगड काठीच्या दोन टोकांना बांधा आणि पुन्हा वळवून पाहा. या वेळी काठी सहजासहजी वळणार नाही. १९७४ साली इंग्लंडच्या ग्रे-निकल्स कंपनीने हीच युक्ती बॅटीत आणली. बॅटच्या पाठीमागचे मधले लाकूड कोरून काढले आणि कडांना वजन राखले. 'स्कूप' या नावाने ती बॅट जगभर गाजली. आज ज्या जाड कडांच्या बॅटी दिसतात, त्यांचा उद्देशही तोच आहे. कडा फारच जाड होऊ लागल्या, तेव्हा २०१७ पासून नियम झाला, की कड ४० मिलिमीटरपेक्षा आणि बॅटची एकूण जाडी ६७ मिलिमीटरपेक्षा अधिक नको. वजनावर मात्र आजही बंधन नाही.

पण जाड कडा पाहून भुलू नका. कडा जाड आणि तरीही बॅट हलकी, असे असेल, तर लाकूड फार सुकवलेले किंवा विरळ असते. अशी बॅट चांगली लागते, पण लवकर फुटते. मोठ्या खेळाडूंकडे चार-पाच बॅटी असतात. तुमच्याकडे एकच आहे.

आता आपल्या दुकानात परत येऊ. बॅट कोणासाठी घ्यायची? आपल्याकडे कपडे घेताना आई-वडील म्हणतात, "वाढत्या अंगाचा घ्या, पुढच्या वर्षी होईल." शर्टाच्या बाबतीत हे शहाणपणाचे आहे, कारण ढगळ शर्टाने कोणाचे नुकसान होत नाही. ढगळ बॅटीने होते. मोठी बॅट लहान मुलाच्या पोटात लागते, ती सरळ येत नाही, तो तिला आडवी फिरवू लागतो, आणि ती आडवी फिरवण्याची खोड मोठेपणी बॅट बदलली तरी जात नाही. पूर्ण मापाची बॅट साधारण साडेपाच फुटांपेक्षा उंच खेळाडूसाठी असते. तिचे वजन बहुधा ११०० ते १२५० ग्रॅम भरते. आठवी-नववीतल्या पाच फूट उंचीच्या मुलाला पाच किंवा सहा नंबरची बॅट पुरते. त्याहून थोड्या मोठ्याला 'हॅरो' नावाचे माप येते. प्रत्येक कंपनीच्या मापात थोडा फरक असतो, म्हणून नंबरावर थांबू नका. पायात बूट घालून, खेळताना उभे राहता तसे उभे राहा. पाठ फार वाकवावी लागली, तर बॅट आखूड आहे. दांडा पोटात टोचला, तर लांब आहे. मग दांड्याचा वरचा भाग ज्या हातात धरता, त्या एकाच हातात बॅट समोर आडवी धरा आणि मनात वीसपर्यंत मोजा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा तो हात डावा असतो. तेवढ्यात टोक खाली झुकले, तर ती बॅट तुमची नव्हे.

पण तुम्ही अकरा जण आहात. कोणी पावणेपाच फुटांचा, कोणी पावणेसहा. सर्वांना एकच बॅट बसणार नाही, हे उघड आहे. मग कोणाच्या मापाची घ्यावी? माझे मत ऐका. दुकानात ती वीस आकड्यांची परीक्षा मागे उभ्या असलेल्या त्या लहान मुलाला द्यायला सांगा. त्याला जी बॅट पेलेल, त्याहून जरा मोठी, एकच नंबर मोठी, बॅट घ्या. उंच मुलाला हलकी बॅट चालते. तो दांडा वर धरील, थोडा वाकेल, त्याचे षटकार चार-दोन पावले कमी जातील. लहान मुलाला मात्र जड बॅटीने खेळताच येत नाही. संघातला अकरावा खेळाडू कधीकधी शेवटच्या षटकात एक धाव काढायला उभा असतो.

शिवाय, सर्वांचे काम षटकार मारणे नसते. आपल्या बीडमध्ये १९७२ साली जन्मलेले संजय बांगर यांचे उदाहरण घ्या. २००२ साली इंग्लंडमधील लीड्स येथे, ढगाळ हवेत आणि वळणाऱ्या चेंडूसमोर, ते सलामीला उतरले. दोनशेहून अधिक चेंडू खेळून त्यांनी ६८ धावा केल्या आणि राहुल द्रविडबरोबर १७० धावांची भागीदारी रचली. तो सामना भारताने डावाने जिंकला. बीडच्याच सचिन धसचा डाव निराळा होता. १९ वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना ६ फेब्रुवारी २०२४ रोजी दक्षिण आफ्रिकेतील बेनोनी येथे झाला. विजयासाठी २४५ धावा हव्या होत्या आणि भारताचे चार गडी ३२ धावांत बाद झाले होते. सचिनने ९५ चेंडूंत ९६ धावा केल्या आणि भारत दोन गडी राखून जिंकला. वडिलांनी त्याचे नाव तेंडुलकरवरून ठेवले आहे. एकाच गावचे हे दोन खेळाडू, एकाला टिकून राहायचे होते आणि दुसऱ्याला धावांची गती राखायची होती. तुमच्या संघात टिकणारे किती आणि फटकावणारे किती, तेही बॅट घेताना मोजा.

लाकडाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण किंमत त्यावरच ठरते. चांगली बॅट विलो नावाच्या झाडाची असते. इंग्लंडचा विलो हलका व लवचिक असतो आणि फार महाग पडतो. आपल्या काश्मीरमध्ये अनंतनाग जिल्ह्यात विलोच्या बॅटी बनतात. श्रीनगरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला लाकडाच्या फळ्यांचे उंच ढीग सुकत ठेवलेले दिसतात. काश्मिरी विलो थोडा जड आणि टणक असतो, पण वर्गणीच्या बॅटीसाठी तोच योग्य, कारण तो मार खातो. बॅटी घडवण्याची आपल्याकडची मोठी केंद्रे म्हणजे मेरठ आणि जालंधर. त्यांच्या भरभराटीमागे १९४७ ची फाळणी आहे. खेळाचे सामान बनवणारे सियालकोटचे कितीतरी कारखानदार व कारागीर तेव्हा इकडे आले आणि त्यांनी आपली कला येथे पुन्हा उभी केली. बाजारात अगदी स्वस्त बॅटीवर 'पॉप्युलर विलो' असे लिहिलेले असते. ते विलो नव्हे, पॉप्लर नावाच्या झाडाचे लाकूड आहे. टेनिस चेंडूसाठी ते ठीक. त्या बॅटीने चामड्याचा चेंडू खेळलात, तर आठवड्यात तडा जाईल.

बॅट घरी आली, की लगेच मैदानात पळू नका. पात्याला कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. जवस आपल्या भागात पिकतो, तेल मिळायला अडचण नाही. दांडा जिथे पात्यात बसवलेला असतो, त्या सांध्याला मात्र तेल लावू नका, नाहीतर तेथील डिंक सुटेल. मग बॅट एक दिवस आडवी ठेवा. नंतर जुना चेंडू मोज्यात घालून पात्यावर हलके हलके ठोका, रोज थोडा वेळ, आठ-दहा दिवस. कडा आणि टोक यांच्यावर हात आणखी हलका ठेवा. अकरा जण असल्याने पाळी लावता येईल. आणि एप्रिल-मे महिन्यांत बॅट पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. त्या उन्हात लाकूड सुकून तडकते. ज्याच्या घराला स्लॅब आहे किंवा जाड मातीच्या भिंती आहेत, त्याच्याकडे ती उन्हाळाभर राहू द्या.